समोरचा पाळत नाही, मग आपण का?

द्वारका चौकात नाशिकरोडची शेअर रिक्षा धरली की शेजारी हमखास कोणीतरी फौजेतलं निघतं. सुटी संपवून देवळालीला परतणारा जवान, नाहीतर निवृत्तीनंतर सिन्नरकडे शेती बघणारा एखादा सुभेदार. मध्यंतरी असेच एक काका शेजारी होते. पलीकडचा कॉलेजातला मुलगा मोबाइलवर अतिरेक्यांबद्दल काहीतरी बघत तावातावाने म्हणाला, "ते कुठे नियम पाळतात? दिसला की उडवायचा!" काकांनी मांडीवरची पिशवी सावरली. "बाळा, मी तोफेवर होतो. ओपीवाला पुढं जाऊन टार्गेट बघतो, मग हुकूम येतो, मग गोळा सुटतो. बिनहुकमाचा एक जरी सुटला तरी चौकशी लागते. नियम त्यांच्यासाठी नसतात रे, आपल्यासाठी असतात." मुलगा उपनगरला उतरून गेला. त्याचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना, कारण तो एकट्याचा नाही. घरोघरी, कट्ट्याकट्ट्यावर तो विचारला जातो, आणि त्याला चिकटलेले गैरसमजही तेच ते असतात.

गैरसमज: समोरचा नियम मोडतो, म्हणून आपणही मोकळे.

1949 चे चार जिनिव्हा करार भारताने मान्य केले आणि 1960 मध्ये त्यांच्यासाठी संसदेत स्वतंत्र कायदा केला. या करारांचं पहिलंच कलम सांगतं की ते सर्व परिस्थितीत पाळायचे. समोरच्याने पाळले तरच, अशी अट तिथे नाही. तिसरं कलम तर अशाच लढायांसाठी आहे, जिथे दोन देशांच्या फौजा समोरासमोर नसतात. ज्याने शस्त्र टाकलं, जो जखमी होऊन पडला, जो हाती लागला, त्याला मारायचं नाही, छळायचं नाही, त्याची विटंबना करायची नाही, आणि रीतसर न्यायालयाशिवाय शिक्षा द्यायची नाही.

1971 चं युद्ध आठवा. पाकिस्तानी सैन्याने बांगलादेशात काय केलं ते जगाने पाहिलं होतं. तरी सुमारे 93 हजार युद्धबंदी भारताने याच करारांप्रमाणे सांभाळले आणि परत पाठवले. कारगिलच्या वेळी कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांच्या सोबत्यांना हाल करून मारलं आणि त्यांचे मृतदेह परत आले, तेव्हा आपण याच करारांवर बोट ठेवून जाब विचारला. तो विचारायचा हक्क आपण 1971 मध्ये कमावून ठेवला होता, असं मला मनापासून वाटतं.

एक बारकावा इथेच सांगायला हवा. देशातल्या अतिरेक्यांविरुद्धच्या कारवाईला भारत सरकार युद्ध म्हणत नाही. मग तर जवानावर आपली राज्यघटना, फौजदारी कायदा आणि लष्करी कायदा थेट लागू होतो, आणि त्यांची बंधनं युद्धाच्या नियमांपेक्षा जास्त कडक आहेत.

गैरसमज: नियम म्हणजे हात बांधून लढणं.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईत दहा अतिरेकी शिरले. 166 माणसं गेली. दहापैकी नऊ जण पोलीस आणि कमांडोंच्या गोळ्यांनी मेले. ताजमध्ये, ओबेरॉयमध्ये, नरिमन हाउसमध्ये एनएसजीने खोली-खोली लढवली. गोळ्या झाडणाऱ्या माणसाला गोळी घालायला कुठलाही कायदा आडवा आला नाही, येतही नाही. कायदा आडवा येतो तो नंतर, शस्त्र हातातून सुटल्यावर.

दहावा गिरगाव चौपाटीवर सापडला. सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात होती लाठी. त्यांनी अजमल कसाबच्या एके-47 ची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. ते कोसळले, पण पकड सुटली नाही. तेवढ्यात बाकीच्या पोलिसांनी कसाबवर झडप घातली. डोळ्यांदेखत आपला माणूस पडलेला, हल्लेखोर पायाशी आडवा. त्या क्षणी त्याला तिथेच संपवणं किती सोपं होतं! त्या पोलिसांनी त्याला जिवंत ताब्यात घेतलं. मला विचाराल तर त्या रात्रीचं सगळ्यात अवघड काम तेच होतं.

त्याचा उपयोग काय झाला? जिवंत कसाबमुळे कट कुठे शिजला, प्रशिक्षण कुठे झालं, बोट कुठून निघाली याचा धागा मिळाला. सुरुवातीला सगळंच झटकणाऱ्या पाकिस्तानला फेब्रुवारी 2009 मध्ये कबूल करावं लागलं की कटाचा काही भाग आपल्या भूमीवर रचला गेला. नऊ प्रेतांबरोबर दहावं प्रेत असतं तर हे वदवून घेणं फार कठीण गेलं असतं.

गैरसमज: नियम पाळले की अतिरेक्याला सैनिकाचा मान मिळतो, आणि तो सुटतो.

पकडलेल्या सैनिकावर केवळ लढल्याबद्दल खटला चालवता येत नाही. ते संरक्षण युद्धबंद्याचं, आणि कसाबला ते कधीच मिळालं नाही. त्याच्यावर खून आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा खटला आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात चालला. मे 2010 मध्ये फाशी सुनावली गेली, फेब्रुवारी 2011 मध्ये उच्च न्यायालयाने आणि 29 ऑगस्ट 2012 ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्याला वकील मिळाला, अपील मिळालं, आणि 21 नोव्हेंबर 2012 च्या सकाळी येरवड्यात फाशीही मिळाली.

कसाबला तुरुंगात बिर्याणी मिळायची म्हणतात, त्याचं काय? ती गोष्ट आजही लोक शपथेवर सांगतात. खटल्यातले सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच 2015 मध्ये जयपूरच्या एका परिषदेत जाहीर सांगितलं की कसाबने बिर्याणी मागितलीही नव्हती आणि त्याला दिलीही गेली नव्हती. त्याच्याबद्दल तयार होऊ लागलेली सहानुभूती मोडण्यासाठी ती गोष्ट आपणच रचल्याचं त्यांनी सांगितलं. तरी बिर्याणी अजून शिजतेच आहे.

गैरसमज: सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा अफ्स्पा कायदा लागू झाला की जवानाला सगळं माफ.

1958 च्या या कायद्यात गोळीबाराचे जादा अधिकार आहेत आणि केंद्राच्या परवानगीशिवाय खटला भरता येत नाही, हे खरं. पण त्याच कायद्यात गोळीबाराआधी इशारा देण्याची आणि पकडलेल्याला शक्य तितक्या लवकर पोलिसांकडे सोपवण्याची अट आहे. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कायदा वैध ठरवताना लष्कराची 'हे करा, हे करू नका' ही यादी बंधनकारक केली. 2016 मध्ये मणिपूरमधल्या चकमकींच्या प्रकरणात न्या. मदन लोकूर आणि न्या. उदय लळित यांच्या खंडपीठाने सांगितलं की अशांत भागातही गरजेपेक्षा जास्त बळ वापरता येणार नाही. 2010 मध्ये काश्मीरच्या माछिलमध्ये तीन तरुणांना कामाचं आमिष दाखवून नेलं आणि घुसखोर म्हणून मारलं गेलं. लष्कराच्याच न्यायालयाने आपल्या माणसांना जन्मठेप दिली. 2017 मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणाने ती शिक्षा स्थगित केली, याची खंत मला आहे. पण तो खटला लष्करानेच उभा केला होता.

गैरसमज: ही सगळी गोऱ्यांची थेरं.

19 मे 1673 चं शिवाजी महाराजांचं पत्र काढून वाचावं. चिपळूणकडे छावणीला असलेल्या फौजेच्या अंमलदारांना ते लिहिलेलं आहे. दाणागोटा जपून वापरा, नाहीतर पावसाळ्यात तो संपेल, मग तुम्ही कुणब्यांच्या घरचं धान्य, गवत, भाजी उचलाल, आणि लोकांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, असा त्याचा रोख. चुलीतल्या विस्तवाने किंवा उंदराने नेलेल्या दिव्याच्या वातीने आग लागेल, इथपर्यंत बारकाई! जिनिव्हाच्या पावणेतीनशे वर्षं आधी सह्याद्रीच्या कुशीत बसून एक राजा आपल्याच सैन्याला सांगत होता की रयतेला हात लावू नका.

गैरसमज: अतिरेकी कोण ते दिसतंच की.

कसाबच्याच खटल्यात त्याच्याबरोबर दोन भारतीय आरोपी होते. पुरावा टिकला नाही म्हणून त्यांना त्याच न्यायालयाने या प्रकरणातून निर्दोष सोडलं. ज्या न्यायाधीशांनी कसाबला फाशी दिली, त्याच न्यायाधीशांनी.

आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? द्वारकेहून आग्रा रोडने ओझर, पिंपळगाव, चांदवड मागे टाकत गेलं की मालेगाव. 8 सप्टेंबर 2006 ला, शुक्रवारी, शब-ए-बारातच्या दिवशी तिथल्या बडा कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. नऊ जण पकडले गेले. त्या दिवसांत नाशिकमध्ये कोणालाही विचारलं असतं तर उत्तर एकच आलं असतं: हेच ते. एखाद्याने तिथल्या तिथे निकाल लावला असता तर टाळ्याही पडल्या असत्या. त्यांतल्या बहुतेकांची पाच वर्षं तुरुंगात गेली. एप्रिल 2016 मध्ये विशेष न्यायालयाने पुराव्याअभावी त्यांना आरोपमुक्त केलं. नऊपैकी एक जण तोवर हयात नव्हता.