घोरणे आणि भूल

जिंतूर-गंगाखेडहून परभणीला ऑपरेशनसाठी आलेला माणूस भूलतज्ज्ञांना बीपी, शुगर सांगतो. घोरणे सांगत नाही. घोरतो म्हणजे गाढ झोपतो, हा समज सगळीकडेच आहे.

ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया (झोपेत घशाची वाट मिटून श्वास पुन्हा पुन्हा अडणे) हा नुसत्या घोरण्याहून वेगळा. विहिरीवरच्या मोटारीला ओढीच्या बाजूने मऊ पाइप जोडला, की तो चपटा होतो. ढिला पडलेला घसा तसाच मिटतो. एरवी मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास सोडवतो. भूल आणि मॉर्फिनसारखी वेदनाशामके हीच जाग दाबतात. म्हणून धोका टेबलावरच संपत नाही, नंतर वॉर्डात झोपेतही राहतो.

टोरांटोत तयार होऊन 2008 मध्ये प्रसिद्ध झालेली प्रश्नावली पुढे ‘स्टॉप-बँग’ नावाने रूढ झाली. तिचे 8 प्रश्न: घोरणे, दिवसाचा थकवा, श्वास अडलेला कुणी पाहिला का, रक्तदाब, स्थूलता, पन्नाशी, मानेचा घेर, पुरुष असणे. 5 किंवा जास्त ‘हो’ म्हणजे धोका मोठा. निदान मात्र नव्हे, ते झोपेच्या तपासणीतूनच होते. श्वास अडल्याचे घरच्यांनाच ठाऊक असते, तेव्हा भूलतज्ज्ञांच्या तपासणीला त्यांनीही यावे.

गुण जास्त आले म्हणून ऑपरेशन रद्द होतेच असे नाही. शक्य तिथे फक्त तेवढा भाग बधिर करतात, गुंगीची औषधे बेताने देतात, नंतर ऑक्सिजनवर लक्ष ठेवतात. घरी सीपॅप (दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारे यंत्र) असेल, तर ते सोबत न्यावे.