मोकळा नकाशा, अडकलेला आश्विन

पाऊस ओसरल्यावरचे पाच-सहा आठवडे भूगोलवाल्यांच्या सुगीचे. नदी पात्रात परतलेली असते, पण तिने आणून टाकलेला गाळ अजून ओला असतो. काठ कुठे ढासळला, ओढ्याने कुठे वळण बदललं, हे उघड्या डोळ्यांना दिसतं. खरीप उभं असतं किंवा नुकतंच कापलेलं असतं, त्यामुळे कोणत्या मातीत कोणतं पीक हे शेतच सांगतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबरात मोजून आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहते, तीही याच कारणाने: जमिनीने पावसाचा हिशेब नुकताच पुरा केलेला असतो. मार्चमध्ये त्याच वाटेने गेलं तर यातलं निम्मं पुसलेलं असतं. २००५ ते २०२५ या वीस वर्षांकडे मागे वळून पाहताना माझं म्हणणं असं आहे, की या काळात तरुण भूगोल प्राध्यापकाच्या हातात नकाशे आले, पण ते घेऊन बाहेर पडण्याचा ऋतू त्याच्या हातून निसटला. नकाशांचं कौतुक पुष्कळ झालं. ऋतूकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

नकाशांचं कौतुक अनाठायी नव्हतं. सीमाभाग आणि किनारपट्टी यांचे स्थलनिर्देशक नकाशे दीर्घकाळ निर्बंधित वर्गात मोडत. किनाऱ्यालगतची सुमारे ऐंशी किलोमीटरची पट्टी त्यात येई, म्हणजे जवळजवळ अख्खं कोकण. रत्नागिरीतल्या विद्यार्थ्याला स्वतःच्या गावाचा टोपोशीट मिळवणं हे अर्ज-परवानग्यांचं काम होतं. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापरासाठी वेगळी खुली मालिका आणली, आणि गूगल अर्थही त्याच वर्षी आलं. २००८ मध्ये लँडसॅटच्या उपग्रह-प्रतिमांचा जुना-नवा साठा फुकट झाला, २००९ मध्ये इस्रोचं भुवन, २०१५ मध्ये सेंटिनेल-२. २०१७ मध्ये भारतीय सर्वेक्षण विभागाने खुल्या मालिकेतले १:५०,००० प्रमाणाचे नकाशे संकेतस्थळावरून मोफत द्यायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर तर भारतीय संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी आगाऊ परवानगीचीही गरज उरली नाही. एका पिढीत इतकं बदललेला दुसरा विषय सामाजिक शास्त्रांत शोधावा लागेल.

आता कॅलेंडर पाहा. पदवीच्या वर्गांना सत्र पद्धत लागू झाली आणि विद्यापीठाच्या परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात येऊन बसल्या. वार्षिक पद्धतीतही दिवाळीआधी चाचणी असे, पण ती महाविद्यालयाच्या हातातली. चार दिवस पुढे-मागे करता येई. आता पर्यवेक्षण, अंतर्गत गुण, पेपर तपासणी, नॅकच्या फायली हे सगळं आश्विनातच येतं. पाऊस उघडण्याची तारीखही पुढे सरकली आहे. हवामान विभागाने २०२० मध्ये मान्सूनच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या, तेव्हा मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. (ही फेरमांडणी जुन्या आकडेवारीऐवजी नवी घेऊन केलेली आहे, तिच्यावरून हवामान बदलाचा निष्कर्ष थेट काढू नये.) म्हणजे एका बाजूने पाऊस लांबतो आणि दुसऱ्या बाजूने वेळापत्रक आत शिरतं. त्यात २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीने शोधनिबंधांना गुण जोडले. उपग्रहाच्या प्रतिमांवरून खोलीत बसून लिहिलेला निबंध लवकर पुरा होतो, तीन शरद एकाच खोऱ्यात घालवून लिहिलेला होत नाही. नेट-सेट होऊनही तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला तर प्रत्येक तासाचे पैसे मिळतात, आणि ओढ्याच्या काठावर घालवलेला दिवस हा ‘तास’ कसा धरायचा, हा प्रश्न उरतोच.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: आता बाहेर जायची गरजच काय? रडार ढगांतूनही पाहतं. खरंच पाहतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा पाणी कुठवर पसरलं हे रडारच्या प्रतिमांवरूनच चटकन कळू शकत होतं. पण पाणी किती दिवस टिकलं, उसाच्या कोणत्या फडात गाळ किती इंच बसला आणि कोणती वाडी गुरं घेऊन कुठे सरकली, हे प्रतिमेत नसतं. शिवाय साध्या प्रकाशातल्या प्रतिमा वापरणाऱ्यालाही कोकण-सह्याद्रीवरचे ढग हटेपर्यंत थांबावंच लागतं; जमीन-वापराच्या नकाशासाठी खरिपाची स्वच्छ प्रतिमा ऑक्टोबर-नोव्हेंबरातच मिळते. खोलीत बसलेला माणूसही शरदावरच अवलंबून आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो. जुन्या क्षेत्रभेटी कुठे इतक्या मोलाच्या होत्या? एका गावात एक दिवस, छापील प्रश्नावली, दर दहा घरांमागे एक उत्तरपत्र, मग सहलीसारखं जेवण आणि वर्षअखेर वहीत चिकटवलेले फोटो. मुलींना मुक्कामी पाठवायला घरून नकार येई, तो वेगळाच. हे मान्य करायलाच हवं, आणि म्हणूनच जुनं वेळापत्रक परत आणा असं मी म्हणत नाही. पण वाईट क्षेत्रभेटीचं उत्तर चांगली क्षेत्रभेट हे असतं, आणि आता चांगली क्षेत्रभेट शक्य आहे. निघण्याआधी वर्गातल्या प्रत्येकाच्या फोनवर गेल्या दहा शरदांच्या प्रतिमा असू शकतात. गावात जाऊन काय विचारायचं हे त्यावरून ठरतं. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रकार्याला श्रेयांक आहेत, पण ते कोणत्या महिन्यात करायचं हे भूगोलाच्या विभागाने ठरवायचं असतं असं वेळापत्रक आखणाऱ्याला वाटत नाही. हिवाळ्याच्या सुट्टीत जा, असं सुचवलं जातं. पुराच्या खुणा मात्र सुट्टीची वाट पाहत नाहीत. भिंतीवर पाण्याने ओढलेली तपकिरी रेघ ही पूररेषेची सर्वांत स्वस्त आणि नेमकी नोंद आहे. दिवाळीच्या आधी घराला रंग लागतो, आणि तिसऱ्या सत्राचा शेवटचा पेपर पुष्कळदा त्यानंतर असतो.