एका दिवसाने पुढे गेलेला अर्ज: पेटंट आधी की प्रॉडक्ट आधी?

व्हिडिओत एवढं सांगायला वेळ पुरला नाही, म्हणून इथे लिहितोय. प्रश्न नेहमीचाच: "सर, माल आधी बाजारात आणू की आधी पेटंट करू?"

उदाहरण जुनं आहे, पण चपखल आहे. अलिझरीन म्हणजे मंजिष्ठेच्या जातीतल्या एका झाडाच्या मुळांपासून मिळणारा कापडाचा लाल रंग. 1868 मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी तो दगडी कोळशाच्या डांबरातल्या अँथ्रासीनपासून बनवून दाखवला. पण त्यात ब्रोमीन लागायचं. ते महाग, म्हणजे धंदा शून्य. मग बीएएसएफ या चार वर्षं वयाच्या जर्मन कंपनीतल्या हाइनरिश कारोने या दोघांबरोबर सल्फ्युरिक ॲसिडची स्वस्त पद्धत काढली. पैसा खरा इथे होता. तिकडे इंग्लंडमध्ये विल्यम पर्किननेही स्वतःच्या डोक्याने तीच पद्धत शोधली.

ब्रिटनमध्ये बीएएसएफच्या बाजूचा अर्ज पडला 25 जून 1869 ला. पर्किनचा 26 जूनला. एक दिवस! शेवटी समझोता झाला आणि ब्रिटनचा बाजार पर्किनकडे राहिला. तो आधीच नावाजलेला कारखानदार होता, म्हणून निभावलं. आपल्या वालीव-सातिवलीतल्या गाळेवाल्याशी कोण समझोता करायला बसणार?

आजही तारीखच बघतात. आपल्यासाठी ऑफिस मुंबईत ॲन्टॉप हिलला आहे, अर्ज ऑनलाइन होतो. काम अर्धवट असेल तर प्रोव्हिजनल अर्ज टाका, व्यक्ती किंवा छोट्या उद्योगाला सरकारी फी 1,600 रुपये. तारीख तुमच्या नावावर लागते, पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात. मात्र त्याआधी रील टाकली, प्रदर्शनात मांडलं, तर मोजके अपवाद सोडता वस्तू "नवी" राहत नाही.

तारापूर एमआयडीसीत केमिकलचं काम करू पाहणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. जर्मनीने 1877 च्या कायद्यात रसायनाला नाही, फक्त ते बनवायच्या पद्धतीला पेटंट दिलं. आपल्या 1970 च्या कायद्यातही औषधं, अन्न आणि रसायनांना तसंच होतं. म्हणून जुने लोक अजून सांगतात, "पद्धत बदल, माल तोच काढ." 1 जानेवारी 2005 पासून ते बंद झालं. आता पदार्थालाच पेटंट मिळू शकतं, 20 वर्षांचं. पेटंट चालू असेल तर पद्धत बदलूनही सुटका नाही, म्हणून मशीन घ्यायच्या आधी पेटंट ऑफिसच्या साइटवर फुकट शोध घ्या.

आणि फिनाइल, मसालेवाल्यांनो, नुसत्या मिश्रणाला पेटंट मिळत नाही. एकत्र आल्यावर घटकांच्या बेरजेपेक्षा जास्त परिणाम सिद्ध करावा लागतो. तुम्ही प्रमाण गुपित ठेवा आणि नावाचा ट्रेडमार्क करा. त्यावर पुढचा व्हिडिओ येतोय.