पडद्यावरचे गाव, जमिनीवरचे गाव

अमेरिकेतील आयोवा राज्यात डायर्सव्हिल नावाचे सुमारे साडेचार हजार वस्तीचे एक गाव आहे. आसपास दूरवर मक्याची शेते पसरलेली आहेत. १९८८ सालच्या उन्हाळ्यात या गावाबाहेरच्या एका शेतात चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी बेसबॉलचे मैदान तयार करण्यात आले. बेसबॉल हा तेथे आपल्याकडील क्रिकेटच्या तोलाचा लोकप्रिय खेळ होय. चित्रपटाचा आधार होता डब्ल्यू. पी. किन्सेला या कॅनेडियन लेखकाची १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘शूलेस जो’ ही कादंबरी. एक शेतकरी उभे पीक मोडून शेतात मैदान करतो आणि फार पूर्वी दिवंगत झालेले नामवंत खेळाडू मक्याच्या ताटांतून बाहेर येऊन तेथे खेळू लागतात, असे तिचे अद्भुत कथानक आहे. त्या वर्षी आयोवात अवर्षण होते. पटकथेला हवा तसा उंच मका उभा राहावा म्हणून शेताला मुद्दाम पाणी द्यावे लागले.

‘फील्ड ऑफ ड्रीम्स’ हा चित्रपट १९८९ साली प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी अनोळखी माणसे मोटारी घेऊन त्या शेताकडे येऊ लागली. कोणी निमंत्रण दिले नव्हते, की कोणी जाहिरात केली नव्हती. बाप लेकरांना घेऊन येत, तासभर चेंडू फेकीत आणि मक्याच्या कडेला उभे राहून छायाचित्रे काढून परत जात.

येथे एक अडचण उद्भवली. ती आपल्याकडील कोणत्याही गावकऱ्याला तत्काळ कळेल. मैदान एकाच्या मालकीचे नव्हते. शेताचा बांध त्याच्या मधूनच जात होता. घर आणि मैदानाचा मुख्य भाग एका शेतकरी कुटुंबाकडे, तर डावीकडचा व मधला बराचसा भाग शेजाऱ्याकडे होता. चित्रीकरण आटोपताच शेजाऱ्याने आपला हिस्सा नांगरून पुन्हा पिकाखाली आणला होता. पाहुण्यांची रीघ लागल्यावर त्याने तो पूर्ववत मैदानाला जोडला. पुढे मात्र दोन्ही घरांचे मत जुळले नाही. एका घराला जागा होती तशी साधी ठेवावयाची होती. दुसऱ्याने आपला भाग व्यवसाय करू इच्छिणाऱ्या मंडळींना भाडेपट्ट्याने दिला. परिणामी एकाच मैदानाला दोन वाटा आणि स्मरणवस्तूंची दोन दुकाने झाली. हा दुभंग २००७ साली संपूर्ण मैदान एका मालकाकडे आले तेव्हाच मिटला.

त्यानंतर ही जमीन एका कंपनीने घेतली आणि तेथे अनेक मैदानांचे मोठे क्रीडासंकुल उभारण्याचे ठरविले. त्यासाठी शेतजमिनीचा वापर बदलणे आवश्यक होते. नगर परिषदेने त्यास संमती देताच आजूबाजूच्या काही रहिवाशांनी हरकत घेतली, आणि प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. निकाल नगर परिषदेच्या बाजूने लागला. १२ ऑगस्ट २०२१ रोजी त्या मैदानालगत खास उभारलेल्या, सुमारे आठ हजार प्रेक्षकांच्या क्रीडांगणावर शिकागो आणि न्यूयॉर्क येथील व्यावसायिक संघांचा अधिकृत सामना झाला. कादंबरीकाराने कल्पिलेले मैदान जमीन-महसुलाच्या नोंदीत, न्यायालयात आणि अखेरीस राष्ट्रीय स्पर्धेच्या वेळापत्रकात जाऊन पोचले.

माणसे का जातात?

कथेतील स्थळे पाहावयास जाण्याची ओढ चित्रपटाने निर्माण केलेली नाही. नाशिकच्या पंचवटीत सीतागुंफेपाशी लागणारी रांग तिचीच साक्ष देते. इटलीतील व्हेरोना शहरात ज्युलिएटचा म्हणून दाखविला जाणारा सज्जा विसाव्या शतकात त्या जुन्या घराला जोडण्यात आला, हे तेथे छापील माहितीतूनही समजू शकते, तरी प्रेमिकांची गर्दी ओसरत नाही. स्थळ खरे आहे की नाही, यापेक्षा तेथे उभे राहिल्यावर कथेची आठवण किती जवळ येते याला प्रवाशाच्या लेखी अधिक महत्त्व असते. चित्रपटाने आणि दूरचित्रवाणीने एवढेच केले, की पूर्वी शतकानुशतके हळूहळू जमणारी कीर्ती एका हंगामात जमू लागली. कीर्तीला शतक लागत असे तेव्हा धर्मशाळा, घाट, पाणपोई यांनाही शतकाचा अवधी मिळत असे. आता तो मिळत नाही. अडचणीचे मूळ येथे आहे.

खेळ आणि प्रेम यांची सांगड घालणारी कथा या बाबतीत विशेष प्रभावी ठरते. तिचे कारण मराठी प्रेक्षकांना एका चित्रपटाने उत्तम रीतीने दाखविले आहे. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्याचा आरंभ प्रेमप्रसंगाने होत नाही. तो होतो गावच्या क्रिकेट सामन्याने. ध्वनिक्षेपकावरून समालोचन चालले आहे, मैदानाभोवती गाव लोटले आहे आणि मच्छीमाराचा मुलगा संघाचा कर्णधार आहे. मैदानावर त्याची योग्यता धावांवरून ठरते. मैदानाबाहेर ती जातीवरून आणि घराण्यावरून ठरते. पुढची सारी शोकांतिका या दोन मोजमापांतील अंतरातून निर्माण होते. प्रेमकथेत खेळ घालावयाचा तो केवळ नायकाचे शौर्य दाखविण्यासाठी नव्हे, हे नवोदित कथालेखकांनी येथून शिकण्यासारखे आहे. खेळामुळे कथेला एक अशी जागा मिळते, जेथे थोडा वेळ तरी गावाचे नियम चालत नाहीत. साहजिकच प्रेक्षकाला त्या जागेची ओढ लागते.

‘सैराट’चा बराचसा भाग दिग्दर्शकाच्या स्वतःच्या करमाळा तालुक्यात चित्रित झाला. उजनी जलाशयाच्या काठचा हा सोलापूर जिल्ह्यातील अवर्षणप्रवण मुलूख तोवर पर्यटकांच्या नकाशावर फारसा नव्हता. चित्रपटानंतर तरुण मंडळी मोटारसायकलींवरून गाण्यांत दिसलेले वठलेले झाड शोधीत येऊ लागली. करमाळ्याचे अठराव्या शतकातील कमलाभवानी मंदिरही अनेकांनी त्या निमित्ताने पाहिले. करमाळ्याचे भाग्य असे, की पडद्यावर ते करमाळाच राहिले. तेथील बोली, ऊस, केळी आणि मातीचा रंग, सारे त्याचेच होते.

दुसऱ्याचे नाव धारण करणारे गाव

सातारा जिल्ह्यातील वाईची गोष्ट याहून निराळी आहे. कृष्णाकाठचे घाट, १७६२ साली रास्ते यांनी बांधलेले ढोल्या गणपतीचे मंदिर, जवळच मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि त्यापुढील रेखीव घाट अशी ही चित्रकारालाही मोह पडावा अशी भूमी आहे. मुंबईहून एका दिवसात पोचता येत असल्याने निर्मात्यांचीही तिला पसंती असते. परंतु वाईने पडद्यावर बहुधा दुसऱ्याचेच सोंग घेतले आहे. ‘गंगाजल’ (२००३) मध्ये ती बिहारमधील गाव झाली. ‘स्वदेस’ (२००४) मध्ये मेणवली उत्तर भारतातील खेडे झाली, ‘दबंग’ (२०१०) मध्ये वाई उत्तर प्रदेशात गेली आणि ‘चेन्नई एक्सप्रेस’ (२०१३) मध्ये तर थेट तामीळनाडूत. कोट्यवधी प्रेक्षकांनी कृष्णेचा घाट पाहिला, पण तो कृष्णेचा आहे हे त्यांतील फार थोड्यांना समजले असेल.

येथे गमावले जाते ते नाव. मेणवलीच्या घाटावरील देवळाजवळ एक मोठी घंटा टांगलेली आहे. तीवर बाल येशूसह मेरीची आकृती आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, त्या स्वारीतून आलेल्या घंटांपैकी ही एक होय. पडद्यावरच्या कोणत्याही नाट्याला मागे सारील असा हा इतिहास आहे. परंतु चित्रपटातील घाट पाहावयास आलेल्या माणसाला तो सांगावयास तेथे कोणी नसेल, तर तो छायाचित्र काढून निघून जाईल. वाई ही मराठी विश्वकोशाचीही जन्मभूमी आहे. स्थळांची माहिती लिहिण्यास योग्य माणसांची त्या गावी वाण पडण्याचे कारण नाही.

शाळेची भिंत आणि समुद्राची खाडी

गर्दीचा भार सर्वांत आधी कोणावर पडतो, हे लडाखमध्ये स्पष्ट दिसून आले. ‘थ्री इडियट्स’ हा चित्रपट डिसेंबर २००९ मध्ये आला. त्याचा शेवटचा प्रसंग सुमारे ४,२५० मीटर उंचीवरील पँगाँग सरोवराकाठी चित्रित झाला होता. तेथे पुढे पिवळी स्कूटर आणि चित्रपटातल्यासारखी आसने छायाचित्रांसाठी भाड्याने मिळू लागली. स्थानिकांना त्यातून चार पैसे मिळाले, त्याबद्दल कोणी नाक मुरडू नये. खरी ओढाताण झाली ती लेहजवळच्या शे येथील ड्रुक पद्म कार्पो शाळेची. चित्रपटात ही शाळा दिसते. तिच्या एका भिंतीपाशी छायाचित्र काढून घेण्यासाठी प्रवासी वर्ग चालू असताना आवारात येऊ लागले, कचरा पडू लागला, मुलांचे लक्ष विचलित होऊ लागले. २०१० च्या ढगफुटीत नुकसान सोसलेली ही शाळा पुन्हा उभी राहिली होती. आता ती पाहुण्यांमुळे त्रस्त झाली. अखेर २०१८ साली ती भिंत आवारात तशी न ठेवण्याचा निर्णय शाळेने घेतला. विद्यार्थी हे प्रेक्षणीय वस्तू नव्हेत, हे सांगण्याची पाळी शिक्षकांवर यावी, ही गोष्ट प्रवाशांना शोभणारी खचितच नाही.

थायलंडमधील माया खाडीला तर याहून मोठी किंमत मोजावी लागली. फी फी ले या निर्मनुष्य बेटावरील ही खाडी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. ‘द बीच’ (२०००) या चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी तेथील वाळूच्या टेकड्यांत व वनस्पतींत फेरफार करण्यात आल्याने स्थानिक संस्थांनी न्यायालयात धाव घेतली आणि तो वाद वीस वर्षांहून अधिक काळ चालला. दरम्यान प्रसिद्धीमुळे खाडीत दिवसाला पाच हजारांपर्यंत माणसे उतरू लागली. नौकांच्या नांगरांनी व माणसांच्या पायांनी प्रवाळांचा मोठा नाश झाला. जून २०१८ मध्ये शासनाने खाडी बंद केली. ती १ जानेवारी २०२२ रोजी उघडली, पण वेगळ्या रीतीने. नौका आता समोरून न येता बेटाच्या मागील बाजूस बांधलेल्या धक्क्याला लागतात. एका वेळी किती माणसे सोडावयाची याची मर्यादा आरंभी ३७५ ठरविण्यात आली. पोहण्यास मनाई असून पावसाळ्यात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये खाडीला विश्रांती दिली जाते. बंदीच्या काळात रोपलेले प्रवाळ वाढू लागले आणि काळ्या टोकाच्या पंखांचे शार्क मासे उथळ पाण्यात पुन्हा दिसू लागले.

न्यूझीलंडमधील माटामाटाजवळच्या एका मेंढपाळ कुटुंबाने मात्र आरंभापासून दार आपल्या हाती ठेवले. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’साठी १९९९ मध्ये त्यांच्या १,२५० एकरांच्या कुरणात बुटक्यांचे गाव उभारण्यात आले. ते तात्पुरते होते. तरी २००२ पासून मार्गदर्शकासह फेऱ्या सुरू झाल्या, आणि पुढील चित्रपटांसाठी ते गाव पुन्हा बांधावयाचे ठरले तेव्हा ते टिकाऊ साहित्याने बांधून घेण्यात आले. चित्रपटासाठी दिलेली जागा सुमारे १२ एकर. उरलेल्या रानात आजही मेंढ्या आणि गुरे चरतात.

ग्रामपंचायतीच्या हाती काय आहे?

वरील सर्व उदाहरणांत एक भेद आढळतो. जेथे वाट, वेळ आणि संख्या यांचे नियम गर्दीच्या आधी ठरले, तेथे उत्पन्न गावात राहिले. जेथे ते नंतर ठरले, तेथे आधी नुकसान भरून काढावे लागले. महाराष्ट्रात चित्रीकरणाच्या परवानग्यांसाठी एक खिडकी योजना आहे आणि गोरेगाव येथे १९७७ साली स्थापन झालेल्या चित्रनगरीचे महामंडळ ते काम पाहते. परंतु गायरानातून, घाटावरून वा शाळेच्या आवारातून गाड्या नेण्याचा प्रश्न आला, की त्याची झळ पंचायतीलाच लागते. म्हणून चित्रीकरणापूर्वीच्या करारात जागा पूर्ववत करून देण्याची जबाबदारी, त्यासाठी अनामत रक्कम आणि शाळेच्या वेळा यांचा स्पष्ट उल्लेख करून घेणे इष्ट. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत गावाचे खरे नाव यावे, ही अट विनाखर्चाची आहे. वाईसारख्या ठिकाणी तिचे मोल मोठे ठरेल.

गर्दी आल्यावरचे उपायही अगदीच अपुरे नाहीत. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात कर व फी बसविण्याच्या ज्या बाबी आहेत त्यांत यात्रेकरू आणि जत्रा यांचाही समावेश आहे. यात्रेच्या गावांना ही वहिवाट परिचित आहे. तेथे वाहनतळ, स्वच्छतागृहे आणि कचरा यांची व्यवस्था यात्रेपूर्वी ग्रामसभेत ठरते. चित्रपट पाहून आलेला माणूस देवाला आलेला नसला, तरी त्यालाही पाणी लागते, त्याची मोटारही कोठेतरी उभी राहते. फरक इतकाच, की यात्रेची तिथी पंचांगात असते आणि चित्रपटाच्या यात्रेची नसते. ती चित्रीकरणाचा तंबू गावात पडतो त्या दिवशीच समजून घ्यावी लागते.