राजासाठी प्रार्थना, राजाला नकार

रविवारच्या मिस्सामध्ये श्रद्धावंतांच्या प्रार्थना सुरू झाल्या की राज्यकर्त्यांना देवाने सुबुद्धी द्यावी, ही विनंती बहुधा असतेच. सरकार कुठल्याही पक्षाचं असो. वसईत आमच्या धर्मग्रामात मी मोठ्या मुलांना धर्मशिक्षण देतो. तिथे कुणीतरी हमखास विचारतं, ‘‘सर, सरकार चुकत असेल तरी ऐकायचं का?’’

संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात सांगितलंय की अधिकार देवाकडून येतो. म्हणून अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, कर भरा, मान द्या. तेव्हा रोमच्या गादीवर नीरो होता. पण तिथेच पौल सत्ताधीशाला देवाचा सेवक म्हणतो आणि लोकांचं भलं करणं हे त्याचं काम ठरवून देतो. हा भाग सोयीस्करपणे गाळला जातो, याची मला चीड येते. शिवाय यहुदी न्यायसभेने येशूच्या नावाने शिकवायला बंदी केली, तेव्हा त्याचा शिष्य पेत्र याने ती तोंडावर झुगारली. खुद्द पौलानेही रोमन नागरिक म्हणून कैसराकडे दाद मागितलीच की!

आपल्याकडे दाद मागायची सोय आहे, हे फार मोठं भाग्य. केरळात १९८५ मध्ये यहोवाचे साक्षीदार पंथातली तीन भावंडं शाळेत राष्ट्रगीताला अदबीने उभी राहत, पण गात नसत. शाळेने त्यांना काढून टाकलं. पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं. वसईत पाणी आणि हिरवाई वाचवण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो रस्त्यावर उतरले, तेही सनदशीर मार्गानेच.

पण जिथे दाद मागायला जागाच नाही, तिथे काय करायचं? तेव्हा मी मुलांना फ्रान्झ येगरश्टेटरची हकिगत सांगतो. ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड गावचा हा शेतकरी. जन्म १९०७चा. घरी बायको फ्रान्झिस्का आणि लहान मुली. गावच्या चर्चची देखभालही तोच करायचा. हिटलरने १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळला आणि वर त्यावर मतदान घेतलं. गावात विरोधी मत देणारा हा एकटा. तेही दडपून निकाल एकमुखी जाहीर झाला. पुढे वादळाने पीक गेलं, तरी त्याने सरकारी मदत घेतली नाही. पंचनाम्यासाठी तलाठ्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला यातलं मोल वेगळं सांगायला नको.

सैन्यातलं प्रशिक्षण त्याने घेतलं होतं. पण हिटलरच्या युद्धात बंदूक धरणं पाप आहे, हे त्याच्या मनाने घेतलं. तो धर्मगुरूंशी बोलला, लिंझच्या बिशपांना जाऊन भेटला. बिशपांनी त्याला घरच्यांची आठवण करून दिली. सत्तेच्या कृत्यांचा जाब साध्या नागरिकाकडे मागितला जात नाही, असं समजावलं. बिशप त्याच्या जिवासाठीच बोलत असतील, पण मला ते पटत नाही. जाब प्रत्येकाला द्यावा लागतो.

मार्च १९४३ मध्ये सैन्यात हजर व्हायची वेळ आली, तेव्हा तो लपला नाही की पळाला नाही. एन्सच्या छावणीत आपल्या पायांनी हजर झाला आणि लढणार नाही म्हणाला. जखमींची शुश्रूषा करायची त्याची तयारी होती. लष्करी न्यायालयाने ती मानली नाही. ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात त्याचा शिरच्छेद झाला. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की नकार त्याने उघड दिला आणि त्याची शिक्षा स्वतःच्या अंगावर घेतली.

वर्गातल्या एका मुलीने मात्र मला गाठलंच. ‘‘त्याच्या मुलींचं काय, सर?’’ या प्रश्नाला गुळगुळीत उत्तर देणं मला पाप वाटतं. फ्रान्झिस्कानेही आधी त्याला परोपरीने विनवलं होतं. सगळेच त्याच्या विरोधात गेलेले पाहिल्यावर ती त्याच्या पाठीशी उभी राहिली. युद्धानंतर गावाने बोल लावला तो तिला. युद्धविधवेचं पेन्शन तिला १९५० पर्यंत नाकारलं गेलं. तीन मुली तिने शेती करून वाढवल्या. लिंझमध्ये २००७ साली चर्चने फ्रान्झला ‘धन्य’ घोषित केलं, तेव्हा ती हजर होती. वय ९४.