सकाळी सहाचा आवाज

आमच्या विंगमधल्या मंडळींना रोज सकाळी सहाला माझ्या रूममधून 'हाऽऽ, हाऽऽ' असा आवाज ऐकू येतो. कुणी म्हणतं योगा करतो, कुणी म्हणतं दमा आहे. एफ.ई.ला असताना तर 'ह्याला टी.बी. आहे' अशी बातमी थेट मेसपर्यंत पोचली होती! म्हणून एकदाचा खुलासा करून टाकतो.

मला ब्रॉन्किएक्टेसिस आहे. नाव व्हायवातल्या प्रश्नासारखं, पण प्रकार समजायला सोपा. यात फुप्फुसातल्या काही श्वासनलिका कायमच्या रुंद आणि सैल होतात. नलिकांच्या आतले सूक्ष्म केस एरवी कफ वर घशाकडे ढकलत असतात. ते काम बिघडलं की कफ साचतो, त्यात जंतू वाढतात, सूज येते, नलिका आणखी बिघडते आणि कफ आणखी साचतो. क्षयरोग होऊन गेल्यावर आपल्याकडे अनेकांना हा त्रास उरतो. मला लहानपणीच्या न्यूमोनियामुळे झाला. हा आजार संसर्गजन्य नाही. रुंद झालेली नलिका पूर्ववत होत नाही, म्हणून कफ रोज काढणे हाच उपाय.

मग जोरात खोकायचं ना? इथेच गंमत आहे. जोरात खोकलं की छातीतल्या दाबाने सैल नलिका मिटतात आणि कफ मागेच अडकतो. माणूस दमतो, काम होत नाही. खरी युक्ती म्हणजे हवा कफाच्या मागे पोचवायची आणि नलिका उघडी ठेवून त्याला बाहेर ढकलायचं.

फिजिओथेरपिस्टनी मला शिकवलेली पद्धत अशी: आधी थोडा वेळ शांत श्वास. मग 3-4 खोल श्वास, प्रत्येक वेळी साधारण 3 सेकंद रोखायचा. पुन्हा शांत श्वास. मग 1-2 'हफ', म्हणजे चष्म्याच्या काचेवर वाफ धरताना करतो तसं तोंड उघडं ठेवून हवा झटकन सोडायची. तोच तुमचा 'हाऽऽ'! हे चक्र 10 ते 20 मिनिटं, तेही खाण्याआधी. माझा डावीकडचा खालचा भाग बिघडलाय, म्हणून मी उजव्या कुशीवर झोपून करतो. बाकी काम गुरुत्वाकर्षण करतं.

मेकॅनिकलवाल्यांसाठी खास: 'फ्लटर' नावाचं एक छोटं उपकरण मिळतं. आत शंकूवर पोलादी गोळी. फुंकलं की गोळी उचलते, पडते, पुन्हा उचलते. त्या दाबाने नलिका उघड्या राहतात आणि कंपनाने कफ सुटतो. ना बॅटरी, ना मोटर!

टी.बी.च्या बातमीनंतर लाजेने मी तीन आठवडे हे सगळं बंद ठेवलं होतं. कफ हिरवा झाला, ताप चढला, ॲडमिट व्हावं लागलं, आणि मॅथ्स-टूचा पेपर बुडाला. एटीकेटी आजाराने नाही, लाजेने लागली.

आता रूममेटच अलार्म लावतो. तुमच्यापैकी कुणाचा खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल, तर मेसमध्ये चर्चा न करता त्याला डॉक्टरकडे न्या. थुंकीतून रक्त आलं तर एक दिवसही थांबू नका, आणि असे व्यायाम मनाने सुरू करू नका.

आणि उद्या सकाळी सहाला आवाज आला तर समजा, गडी ठणठणीत आहे. आवाज आला नाही, तर मात्र दार वाजवा!

— टी.ई. मेकॅनिकल