अब्दाली वर्गाबाहेर गेल्यावर

मी इतिहास शिकवायचो तेव्हा अब्दाली १७६१ मध्ये पानिपत जिंकून वर्गाबाहेर जायचा, तो परत यायचाच नाही. निवृत्तीनंतर त्याच्या मागे कंदाहारला गेलो, अर्थात पुस्तकांतून! १७४७ मध्ये तिथे अफगाण टोळीप्रमुखांनी त्याला राजा निवडलं. म्हणजे तो मूळचा समानांतला एक. त्याच्या वंशजांना मात्र ही बरोबरी पेलली नाही. मुलगा तैमूरशाहने राजधानी काबूलला हलवली आणि मागे वीसहून अधिक मुलगे ठेवले. मग काय, भाऊबंदकी! त्या मुलग्यांतल्या जमानशाहला भावाने आंधळं करवलं. दुसरा भाऊ शाहशुजा याने लाहोरात कोहिनूर रणजितसिंगांच्या हाती ठेवला. आपल्याकडचे वारसाहक्काचे दावे याच्यापुढे सौम्यच म्हणायचे.

पुढे गादी बारकझाई घराण्याकडे गेली. त्यातला अमानुल्ला मला आवडतो, घाईसकट. १९१९ मध्ये त्याने इंग्रजांकडून पूर्ण स्वातंत्र्य मिळवलं. सुधारणा मात्र दामटल्या आणि १९२९ मध्ये गादी गमावली. त्याच वर्षी गादीवर आलेल्या नादिरशाहचा (दिल्ली लुटणारा तो वेगळा) १९३३ मध्ये बक्षीस समारंभात विद्यार्थ्याने खून केला. त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा झाहीरशाह राजा झाला, चाळीस वर्षं टिकला. १९७३ मध्ये तो इटलीत असताना चुलतभाऊ दाऊदने राजेशाहीच मोडीत काढली. झाहीरशाह २००२ मध्ये परतला आणि २००७ मध्ये काबूललाच वारला.